कबुतरांच्या पंखाखालचे बाजारभाव

परकीय चलनाची उलाढाल करणाऱ्यांची एक वेगळी दिनदर्शिका असते. तिच्यात एकादशी-चतुर्थीच्या नोंदी नसतात. अमेरिकेतील रोजगाराचे आकडे कोणत्या शुक्रवारी येणार, युरोपच्या मध्यवर्ती बँकेची बैठक कोणत्या गुरुवारी आहे, आपल्याकडचा महागाईचा निर्देशांक किती तारखेला जाहीर होणार, याच तिच्यातील तिथी. साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा किंवा सात वाजता, वॉशिंग्टनहून रोजगाराचा आकडा सुटतो आणि जगभरच्या चलनांचे भाव निमिषार्धात जागा बदलतात. आकडा गोळा करणारा एक, तो पोहोचविणारा दुसरा आणि त्यावर पैसा लावणारा तिसरा, अशी ही व्यवस्था आहे. यातील दुसऱ्या माणसाचा धंदा ज्याने खऱ्या अर्थाने उभा केला, त्याचे नाव आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. मात्र ते नाव एका माणसाचे होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तो माणूस म्हणजे पॉल ज्युलियस रॉयटर.

हे नावही त्यांचे जन्माचे नव्हे. २१ जुलै १८१६ रोजी जर्मनीतील कासेल या गावी एका ज्यू धर्मगुरूच्या घरात त्यांचा जन्म झाला, तेव्हा नाव ठेवले गेले ते इस्रायल बेअर योसाफात. तेरा वर्षांचे असताना वडील वारले आणि मुलाची रवानगी ग्योटिंगेन येथे चुलत्यांच्या पेढीवर झाली. पेढीवरच्या उमेदवारीत निरनिराळ्या शहरांतील हुंड्यांचे दर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दांत हुंडणावळ, हे त्यांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. एका शहरातला दर दुसऱ्या शहरात कळायला वेळ लागतो आणि त्या मधल्या वेळातच नफा किंवा नुकसान दडलेले असते, हे सराफाच्या गादीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

योगायोग असा की, त्याच गावात विख्यात गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस हे राहत होते. १८३३ साली गाउस आणि त्यांचे सहकारी वेबर यांनी गावाच्या छपरांवरून तार ओढून विजेच्या साहाय्याने संदेश पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. पेढीवरच्या या तरुणाचा गाउस यांच्याशी परिचय झाला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर ग्योटिंगेनने त्यांना दोन गोष्टी दिल्या, असे म्हणता येते: भावाची भूक आणि तारेचे भान. मात्र या दोहोंची सांगड पडायला आणखी पंधरा-सोळा वर्षे जावी लागली.

मधली वर्षे धडपडीची आहेत. १८४५ च्या नोव्हेंबरात लंडनमधील जर्मन लूथरपंथी प्रार्थनामंदिरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पॉल ज्युलियस रॉयटर हे नाव धारण केले. पाठोपाठ आठवडाभरातच इडा मॅग्नस या जर्मन सराफाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. १८४७ मध्ये बर्लिनला पुस्तकविक्री व प्रकाशनाच्या धंद्यात त्यांनी भागीदारी केली. १८४८ हे युरोपातील क्रांत्यांचे वर्ष. राजसत्तेला न रुचणारी पत्रके या दुकानातून बाहेर पडू लागली आणि वातावरण तापताच रॉयटर दांपत्याने पॅरिस गाठले. तेथे शार्ल हावास यांच्या वृत्तसंस्थेत भाषांतरकाराची नोकरी मिळाली. याच हावास यांच्या हाताखाली बर्नहार्ड वोल्फ नावाचा आणखी एक जर्मन काम करून गेला होता. पुढे हे तिघे मिळून जगाच्या बातम्यांची वाटणी करून घेणार होते, हे त्या कचेरीत तेव्हा कोणाला स्वप्नातही दिसले नसेल. नोकरी सोडून रॉयटर यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे बातमीपत्र काढून पाहिले. ते चालले नाही.

१८४९ साली प्रशियाच्या सरकारने बर्लिन ते आखेन ही तार जनतेस खुली केली आणि वोल्फ यांनी बर्लिनमध्ये आपले बस्तान बसविले. उरले ते तारेचे दुसरे टोक. रॉयटर तडक आखेनला गेले. पॅरिसकडची खबर ब्रुसेल्सपर्यंत येत असे, बर्लिनची आखेनपर्यंत. या दोन शहरांमध्ये सुमारे १२० किलोमीटरचे अंतर होते आणि तेवढ्या टापूत तारेचा पत्ता नव्हता. रेल्वेने हे अंतर तोडायला सहा तास लागत. आखेनमधील हाइनरिश गेलर या गृहस्थांचा बिअर गाळण्याचा व पाव भाजण्याचा व्यवसाय होता आणि शिवाय त्यांना कबुतरे पाळण्याचा नाद होता. १८५० च्या एप्रिलमध्ये त्यांच्याशी रॉयटर यांनी ४५ कबुतरांचा करार केला. रेल्वेच्या सहा तासांचे काम कबुतरे दोन तासांत करू लागली.

ही व्यवस्था वाटते तितकी काव्यमय नव्हती. कबुतर फक्त आपल्या घराकडे उडते. त्यामुळे आखेनची कबुतरे आगगाडीने ब्रुसेल्सला न्यावी लागत. तेथील शेअर बाजाराचे दर तलम कागदावर बारीक अक्षरांत उतरवून घ्यायचे, कागद रेशमी पिशवीत घालून पंखाखाली बांधायचा आणि पाखरू मोकळे सोडायचे. ससाणे, पाऊस आणि वारा यांचा भरवसा नाही, म्हणून एकच मजकूर तीन-तीन कबुतरांबरोबर रवाना होई. माहिती पुरविणाऱ्या कोणत्याही आधुनिक कंपनीचे तंत्रज्ञ आजही हेच करतात. एक वाहिनी तुटली तर दुसरी हवी. आखेनला छपरावर पाखरू उतरले की कागद सोडवून नकला करायच्या आणि त्या गावातील व्यापाऱ्यांना व तारेने बर्लिनला धाडायच्या. रॉयटर यांच्याआधी हावास यांनीही कबुतरे वापरली होती, तेव्हा कल्पनेचे श्रेय त्यांना देता येत नाही. त्यांचे स्वतःचे म्हणावे असे काही असेल, तर ते वाटपाच्या पद्धतीत आहे.

आखेनमधील गिऱ्हाइकांना वेगळीच भीती होती. भाव आला खरा, पण तो आधी शेजारच्या पेढीला कळला तर? पहिल्या वाचकाने खरेदी केली की दुसऱ्याच्या हाती शिळा भाव पडायचा. यावर रॉयटर यांनी काढलेला तोडगा त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. भाव यायच्या वेळी सर्व गिऱ्हाइकांना एका खोलीत बसवायचे, दार लावून घ्यायचे आणि सर्वांना एकाच क्षणी कागद द्यायचे. दार उघडल्यानंतर ज्याचे पाय जलद, त्याचा फायदा. कबुतरांच्या गोष्टीवर हॉलिवूडने १९४० साली चित्रपटही काढला. मला मात्र कबुतरांपेक्षा ही बंद खोली अधिक महत्त्वाची वाटते. बातमी जलद आणणे ही हुशारी आहे; ती सर्वांना एकाच वेळी देणे हा धंद्याचा पाया आहे, कारण भावावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

कबुतरांचे दिवस वर्षभरातच भरले. ज्या तारेच्या अभावामुळे धंदा उभा राहिला होता, ती तार वेर्नर सीमेन्स हे अभियंते टाकत टाकत बेल्जियमच्या दिशेने आणत होते. आपला धंदा बुडणार, अशी तक्रार रॉयटर यांच्या पत्नीने सीमेन्स यांच्याकडे केली आणि त्यांनी या दांपत्याला लंडनला जाण्याचा सल्ला दिला, अशी हकिकत सीमेन्स यांच्या आठवणींत आहे. इंग्लिश खाडीच्या तळाशी तार पडणार होती. सल्ला मानून रॉयटर लंडनला आले.

१४ ऑक्टोबर १८५१ रोजी लंडनच्या रॉयल एक्स्चेंजलगतच्या इमारतीत दोन खोल्यांची कचेरी सुरू झाली. मदतीला एक अल्पवयीन पोऱ्या होता. नोव्हेंबरात डोव्हर-कॅले तार सुरू झाली आणि लंडन व पॅरिस येथील बाजारांचे उघडतानाचे व बंद होतानाचे भाव दिवसातून दोनदा इकडून तिकडे जाऊ लागले. लंडनचे दलाल पॅरिसचे भाव विकत घेत, पॅरिसचे दलाल लंडनचे. पुढे धान्याचे भाव आले, इतर शहरांचे विनिमय दर आले. पहिली सात वर्षे हा माणूस केवळ बाजाराचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या राजकीय बातम्यांसाठी त्यांचे नाव अजरामर झाले, त्या नंतर आल्या.

वृत्तपत्रांनी त्यांना सहजासहजी दारात उभे केले नाही. टाइम्सचे स्वतःचे बातमीदार युरोपभर होते. त्याच्या व्यवस्थापकांनी नकार दिला. १८५८ मध्ये रॉयटर मॉर्निंग अॅडव्हर्टायझर या पत्राच्या संपादकांना भेटले आणि पंधरा दिवस तारा फुकट देण्याची तयारी दाखविली. त्या पत्राला परदेशच्या तारांसाठी महिन्याला ४० पौंड खर्च येत होता. रॉयटर यांनी ३० पौंड सांगितले. पंधरवड्यात एकामागून एक पत्रे गळाला लागली आणि अखेर टाइम्सही आला.

७ फेब्रुवारी १८५९ रोजी फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन विधिमंडळापुढे भाषण करणार होता. ऑस्ट्रियाशी युद्ध होणार की नाही, यावर युरोपातील सर्व सरकारी रोखे टांगलेले होते. भाषणाची प्रत रॉयटर यांनी आगाऊ मिळविली. सम्राट बोलायला उभे राहिल्याशिवाय लिफाफा उघडायचा नाही, ही अट त्यांनी मान्य केली व पाळली. तोवर लंडनची तार त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. भाषण चालू असतानाच मजकूर लंडनला निघाला आणि पुढच्या काही तासांत बाजारात खळबळ उडाली. आज प्रत्येक देशाचे सांख्यिकी खाते आकडे जाहीर करताना ठरलेल्या वेळेपूर्वी प्रसिद्धीस मनाई असा शिक्का मारते. त्या प्रथेचे इतके ठसठशीत जुने उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

यानंतरचे दशक हे आधी पोहोचण्याच्या शर्यतीचे आहे. अटलांटिकपार तार नव्हती, म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या बातम्या बोटींतून येत. १८६३ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला क्रूकहेवनपर्यंत रॉयटर यांनी स्वतःची तार टाकली. अमेरिकेहून येणाऱ्या बोटींवरून बातम्यांचे डबे समुद्रात टाकले जात, छोट्या होड्या ते टिपून घेत आणि बोट बंदराला लागण्यापूर्वी काही तास बातमी लंडनला पोहोचे. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला, तेव्हा न्यूयॉर्कमधील त्यांच्या प्रतिनिधीने टपालाची बोट चुकल्यावर दुसरी होडी करून तिचा पाठलाग केला व डबा तिच्यावर फेकला, अशी कथा आहे. १४ तारखेच्या रात्रीची गोळी लंडनला कळली ती २६ तारखेला.

या यादवी युद्धाशी आपल्या मुंबईचा संबंध फार जवळचा. अमेरिकेचा कापूस अडकल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे भरणी कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद यांचे नाव याच काळात दुमदुमले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा आहे. लिव्हरपूलचा कापसाचा भाव हाच तेव्हा मुंबईचा श्वास होता आणि तो कळायला आठवडे लागत. १८६५ च्या आरंभी इराणच्या आखातातून हिंदुस्थानची तार युरोपला जोडली गेली, पण वाटेतील तुर्की कचेऱ्यांत इंग्रजी मजकुराची अशी मोडतोड होई की, आकड्यावर विसंबावे की नाही हा प्रश्नच असे. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या वायदेपूर्तीला कित्येक नामांकित घराणी बुडाली. भाव वेळेवर कळते तर हे टळले असते काय? मला तसे वाटत नाही. सट्ट्याची नशा माहितीच्या अभावामुळेच येते असे नाही. पण चूक भाव किंवा उशिरा आलेला भाव म्हणजे काय, याचा धडा मुंबईच्या व्यापाऱ्यांना एवढ्या किमतीत दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

त्यामुळे १८६६ मध्ये रॉयटर यांचे प्रतिनिधी हेन्री कॉलिन्स मुंबईला उतरले तेव्हा त्यांना गिऱ्हाईक शोधत फिरण्याची गरज फारशी नव्हती. पूर्वेकडील कंपनीचे हे पहिले ठाणे. १८७० साली दोन मार्ग सुधारले. ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने एडन ते मुंबई समुद्रतळाशी तार टाकली आणि सीमेन्स कुटुंबाने लंडन ते तेहरान अशी जमिनीवरची स्वतंत्र तार पुरी केली. या दुसऱ्या मार्गाच्या प्रात्यक्षिकात लंडनचा संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला पोहोचला. पुढे चांदी उतरू लागली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. एके काळी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९३ मध्ये टांकसाळी बंद करण्याची वेळ येईपर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला होता. त्या वर्षांत मुंबईच्या पेढ्यांचेही एक पंचांग तयार झाले होते. बुधवारी लंडनला भारतमंत्र्यांच्या हुंड्यांचा लिलाव, गुरुवारी बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर आणि रोज चांदीचा भाव. तारेने येणाऱ्या या तीन आकड्यांवर हुंडणावळ ठरे. आजच्या चलन दलालांची दिनदर्शिका ही त्याच पंचांगाची पणती म्हणायला हरकत नाही.

इकडे लंडनमध्ये १८६५ मध्ये धंद्याचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. हॅनोव्हरच्या राजाकडून परवाना घेऊन रॉयटर यांनी नॉर्डनाय बेटापर्यंत उत्तर समुद्रात स्वतःची तार टाकली. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने तारा ताब्यात घेतल्या तेव्हा तिचा मोबदला सात लाख पौंडांहून अधिक मिळाला. त्याच वर्षी हावास, वोल्फ व रॉयटर यांनी जगाचे तीन वाटे करणारा करार केला. ब्रिटिश साम्राज्य व अतिपूर्वेचा बराचसा भाग रॉयटर यांच्याकडे आला. एकाच खोलीत सर्वांना सारखे वागविणाऱ्या माणसाने खोल्याच वाटून घेतल्या, अशी टीका करता येईल आणि ती अन्याय्य ठरणार नाही. हिंदुस्थानातील वृत्तपत्रांना परदेशची बातमी कित्येक दशके लंडनच्या चष्म्यातूनच पाहावी लागली, याचे मूळ या करारात आहे.

१८७१ मध्ये सॅक्स-कोबुर्ग-गोथाच्या ड्यूकने त्यांना बॅरन केले. पैसा, किताब आणि कीर्ती मिळालेल्या माणसाला जे वेड लागते ते त्यांनाही लागले. १८७२ च्या जुलैत इराणच्या नासिरुद्दीन शहाने त्यांना एक अजब सनद दिली. कास्पियन समुद्रापासून आखातापर्यंत रेल्वे, ट्रामगाड्या, सोने-चांदी व रत्ने सोडून जवळजवळ सगळ्या खाणी, जंगले, कालवे, बँक, जकातीचा मक्ता, असा सगळा देशच ७० वर्षांसाठी एका परकी माणसाच्या हाती जात होता. अनामत होती ४० हजार पौंड. रशिया खवळला, इराणातील धर्मगुरू आणि दरबारी एक झाले, ब्रिटिश सरकारनेही पाठीशी उभे राहण्याचे टाळले. शहा युरोपचा दौरा करून परतले आणि १८७३ च्या नोव्हेंबरात सनद रद्द झाली. रॉयटर यांनी मात्र पंधरा-सोळा वर्षे पिच्छा सोडला नाही. १८८९ मध्ये भरपाईदाखल त्यांना इम्पीरियल बँक ऑफ पर्शियाची सनद मिळाली आणि नोटा छापण्याचा अनन्य अधिकारही त्या बँकेकडे आला. परक्यांच्या चलनाचे भाव विकणारा माणूस अखेर परक्या देशाचे चलन काढणाऱ्या बँकेचा धनी झाला. या व्यवहारात त्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक करणारे आहेत. इराणच्या बाजूने पाहिले तर ती निव्वळ लूट होती.

१८७८ मध्ये कंपनीचा कारभार त्यांनी मुलावर, हर्बर्ट यांच्यावर सोपविला. ब्रिटिश नागरिकत्व त्यांनी १८५७ सालीच घेतले होते. १८९१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांच्या परदेशी किताबाला मान्यता दिली. अखेरची वर्षे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे गेली. २५ फेब्रुवारी १८९९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. हर्बर्ट यांचा शेवट दुःखद झाला. कंपनीने काढलेल्या बँकेचे ओझे आणि पत्नीचा मृत्यू यांनी खचून १९१५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आत्महत्या केली.

यानंतरची कथा संस्थेची आहे. चलनांचे दर स्थिर ठेवणारी ब्रेटन वुड्स व्यवस्था १९७१ नंतर ढासळली आणि १९७३ मध्ये रॉयटर्सने मॉनिटर ही सेवा सुरू केली. बँका आपले विनिमय दर पडद्यावर मांडू लागल्या आणि जगभरचे दलाल तो पडदा वाचू लागले. १९८१ पासून त्यावर सौदेही होऊ लागले. २०१३ साली याच परंपरेला एक बट्टा लागला. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या मनःस्थितीचा निर्देशांक थॉमसन रॉयटर्स कंपनी आपल्या वर्गणीदारांना सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी देत असे; अधिक पैसे मोजणाऱ्या अतिवेगवान यंत्र-दलालांना तो दोन सेकंद आधी मिळतो, हे उघड झाले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी चौकशी लावली आणि त्या जुलैत ही दोन सेकंदांची सवलत थांबविण्यात आली. आखेनच्या खोलीतील दार तेवढ्यापुरते किलकिले राहिले होते.

२०१८ मध्ये आर्थिक माहितीचा हा विभाग वृत्तसंस्थेपासून वेगळा काढून विकला गेला आणि २०२१ मध्ये तो लंडन शेअर बाजार समूहाच्या मालकीचा झाला. रॉयटर यांची पहिली कचेरी होती त्या रॉयल एक्स्चेंजच्या मागे, पादचाऱ्यांच्या वाटेवर, १९७६ साली बसविलेले त्यांचे ग्रॅनाइटचे शिर आहे.